चाळीसगावची मोरी, तळोज्याचा रस्ता

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावच्या स्टेशनवर उतरले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने जी समिती नेमली होती तिचे ते सदस्य होते आणि खानदेशातील एका बहिष्काराची चौकशी आटोपून मुंबईला परत निघाले होते. चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी एका रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनपासून महारवाडा चालत जाण्याजोग्या अंतरावर होता, पण बाबासाहेबांना पायी नेणे मंडळींना त्यांच्या प्रतिष्ठेला साजेसे वाटेना. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही बघा. आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने त्याआधी कधी टांगा हाकला नव्हता. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरच्या मोरीपाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब उचलले जाऊन दगडी फरशीवर पडले आणि घोड्यासकट टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला. कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

या प्रसंगावर आपल्या सभांतून पुष्कळ बोलले गेले आहे. भाषण टांगेवाल्यापासून सुरू होते आणि टांगेवाल्यापाशीच संपते. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा साधा टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, हा निष्कर्ष खुद्द बाबासाहेबांनीच काढला आहे, तेव्हा त्यात वावगे काही नाही. पण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला तो मजकूर पुन्हा एकदा सावकाश वाचावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे. बाबासाहेबांनी तिथे मोरीचेही वर्णन केले आहे. पुलाला असतात तसे कठडे तिला नव्हते. पाच-दहा फुटांवर एकेक दगड रोवलेला होता, इतकेच. आणि रस्त्यावरून मोरीवर चढायचे तर एकदम काटकोनात वळावे लागत होते. ज्याचा स्वतःचा पाय मोडला तो माणूस वळण कसे होते आणि कठडा होता की नव्हता, हे इतक्या नेमकेपणाने नोंदवून ठेवतो! जातीने शिकाऊ माणसाच्या हाती लगाम दिला आणि रस्त्याने त्याची चूक सावरायला जागा ठेवली नाही. दोन्ही कारणे माणसांनीच केलेली. त्यात दैवाचा संबंध कुठेही नाही.

हे आठवण्याचे कारण तळोजा.

तळोजा म्हटले की आमच्या वाचकांना आधी कारागृह आठवते. प्रा. आनंद तेलतुंबडे तिथूनच २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे संविधानदिनी, बाहेर आले. ज्यांना स्मरण आहे त्यांना ऑगस्ट २०१७ मधले निळे कुत्रेही आठवतील. कासाडी नदीच्या परिसरात कारखान्यांच्या रंगाने कुत्री निळी झाली, त्यांचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले, सरकारी यंत्रणा जागी झाली. कुत्र्यांना न्याय मिळाला याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच औद्योगिक वसाहतीतून रोज सकाळ-संध्याकाळ चालत जाणाऱ्या माणसाचा फोटो काढायला कोणी येत नाही. त्याचा रंग बदलत नाही ना!

एकदा शिफ्ट सुटताना तळोज्यात उभे राहून बघावे. एका बाजूला मुंब्रा-पनवेल रस्ता, त्यावर न्हावा-शेव्याहून येणारे कंटेनरचे ट्रेलर, कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे वळणारे ट्रक, रसायनांचे टँकर. दुसऱ्या बाजूला रसायन, खत, मासळी प्रक्रिया, लोखंडकाम असे नाना तऱ्हेचे कारखाने. फाटकातून माणसे बाहेर पडतात ती थेट डांबरावर. कडेला फूटपाथ असायला हवा तिथे माती, खडी, गटाराच्या तुटक्या फरशा आणि रांगेने उभे केलेले ट्रेलर. ट्रेलरची रांग आली की चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते. म्हणजे उभ्या ट्रेलरच्या आणि धावत्या ट्रेलरच्या मधल्या हातभर जागेतून डबा हातात घेऊन तो चालतो. मासळीच्या कारखान्यातून सुटलेल्या बाया एकमेकींचा हात धरून चालतात. सायकलवाल्याच्या पाठीमागे हॉर्न वाजतच असतो. पावसाळ्यात खड्डा कुठे आणि गटार कुठे, हे वर्षानुवर्षे त्याच वाटेने जाणाऱ्यालाच ठाऊक असते. रात्रपाळीवाल्यांचे तर विचारूच नये.

ही माणसे कोण? मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार, कारखान्यांसाठी आणि शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतले भूमिपुत्र, आसपासच्या वाड्यांतले आदिवासी, भंगार वेचणाऱ्या बाया, आणि कारागृहाच्या दारात मुलाखतीसाठी येणारे नातेवाईक. यात मोटारीतून येणारा कोण आहे? मोटारवाल्याला तळोज्याचा रस्ता वाईट वाटतो तो गाडी हादरते म्हणून. पायी चालणाऱ्याची गोष्ट निराळी आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीगत सांगतो. नाव-गाव देत नाही, कारण त्यांना अजून याच भागात पोट भरायचे आहे. घरातला कर्ता मुलगा कंत्राटी कामगार. रात्री दहाच्या सुमारास पाळी सुटल्यावर चालत निघाला. पुढे उभा ट्रेलर आला म्हणून रस्त्यावर उतरला आणि मागून आलेल्या वाहनाने त्याला उडवले. वाहन थांबले नाही. पंचनाम्यात काय लिहिले गेले? मयत निष्काळजीपणे रस्ता ओलांडत होता! तो ओलांडत नव्हता, तो कडेने चालत होता. पण कडाच नव्हती, तर कडेने चालला असे लिहायचे तरी कसे? उभ्या ट्रेलरचा पंचनाम्यात उल्लेख नाही, बंद दिव्याचा उल्लेख नाही. त्याच्या आईला आम्ही भेटलो तेव्हा ती म्हणाली, “साहेब, त्याचा काळ आला होता.” त्या माउलीशी वाद घालण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

पण इथे लिहिताना म्हणू. काळ आलेला नव्हता. ट्रेलर आलेला होता. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते, चौकात एखाद्या नटाला यमराजाचा मुकुट घालून उभे करतात आणि हेल्मेट न घालणाऱ्याला तो फास दाखवतो. सरकारी खर्चाने चाललेली ही यमराजाची जाहिरात पाहिली की आम्हाला हसावे की रडावे कळत नाही. रस्त्यात माणूस मेला तर तो यमाने नेला, म्हणजे रस्ता बांधणारा सुटला, दिवा न लावणारा सुटला, ट्रेलर उभा करू देणारा सुटला. बुद्धाने आपल्याला शिकवले ते याच्या नेमके उलट आहे. कारण असते म्हणून कार्य घडते, कारण दूर केले की कार्य थांबते. प्रतीत्यसमुत्पाद विहारात म्हणायचा आणि रस्त्यावर मात्र नशिबाला बोल लावायचा, असे दोन हिशेब आंबेडकरी माणसाला ठेवता येणार नाहीत.

आणि सरकारला हे कळत नाही असे कोणी समजू नये. सरकारला ते उत्तम कळते, याचा पुरावा तळोज्याच्या अगदी शेजारी आहे. कळंबोलीपाशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. या सुमारे ९४ किलोमीटरच्या रस्त्यावर २०१६ साली १५१ माणसे मेली. मेलेल्यांत मोठमोठी माणसे असत, वर्तमानपत्रांचे मथळे होत. मग काय झाले? रस्त्याची इंच इंच तपासणी झाली. अपघात कुठे होतात, का होतात, गाडी रस्ता सोडून कशावर आदळते, याच्या नोंदी झाल्या. कडेचे काँक्रीटचे उघडे अडथळे झाकले किंवा काढले, संरक्षक कठडे बसवले, फलक बदलले, वेगावर नजर ठेवली, जखमीला लवकर उचलण्याची सोय केली. चार-पाच वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच, गाड्या त्याच, घाटही तोच. यमराजाची बदली झाली नव्हती. रस्ता बदलला होता.

या मार्गावर पायी चालायला, दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर फक्त मोटारवाले आणि मालवाहू गाड्या जातात, तिथे शासनाने मान्य केले की मृत्यू हा रस्त्याच्या रचनेचा दोष असतो. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, जिथे चालणारे, सायकलवाले आणि बसची वाट पाहणारे आहेत, तिथे तोच मृत्यू मयताच्या निष्काळजीपणाचा होतो! एकाच शासनाची ही दोन शास्त्रे आहेत. आम्हाला मनुस्मृतीची आठवण झाली तर दोष आमचा नाही.

केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२३ साली देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजार ८९० माणसे मेली. त्यांपैकी ३५ हजार २२१ पायी चालणारी होती. दिवसाला शहाण्णव. मृतांचे वय, लिंग, वाहन, रस्त्याचा प्रकार, हवामान, सगळ्याचे रकाने त्या अहवालात आहेत. जातीचा नाही. तुरुंगांच्या वार्षिक अहवालात मात्र तो न चुकता असतो, आणि खटला चाललेल्या कैद्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय मिळून दोन तृतीयांशांच्या आसपास असतात, हे त्यातूनच कळते. तळोज्याच्या भिंतीआड आपण मोजले जातो, भिंतीबाहेरच्या रस्त्यावर नाही. तरी कोण चालते आणि कोण गाडीत बसते, हे पाहायला रकान्याची गरज नसावी.

या सगळ्याचे मूळ रस्ता आखण्याच्या रीतीत आहे. खेड्यात आपली वस्ती गावकुसाबाहेर. गावातल्या गर्दीला त्रास नको म्हणून वळणरस्ता काढायचा, तर तो गावाला वळसा घालतो आणि वस्तीच्या अंगणातून जातो. शाळा, दुकान, दवाखाना गावात आणि मध्ये महामार्ग. असे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. नवी मुंबई तर नियोजित शहर! १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नामवंत वास्तुविशारदांनी आराखडे काढले, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासईला पोलिसांच्या गोळ्या खाव्या लागल्या, हे दि. बा. पाटलांच्या आंदोलनातील लोक विसरलेले नाहीत. रुंद रस्ते झाले. सरळ, रुंद, मोकळे. अशा रस्त्यावर फलक लावून वेग कमी होत नाही. चालक फलक वाचत नाही, रस्ता वाचतो. रस्ता म्हणतो पळ, तो पळतो.

वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर धडक बसलेला पायी माणूस बहुधा वाचतो. ५० च्या पुढे वाचण्याची आशा झपाट्याने घटते. म्हणून जगभर वस्तीतल्या रस्त्यांची रचनाच अशी करतात की वेग वाढवता येऊ नये. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली धोरणच स्वीकारले की रस्त्यावर माणूस मेला तर रस्ता आखणाऱ्यानेही उत्तर द्यायचे. हॉलंडमध्ये १९७० च्या दशकात मुले गाड्यांखाली मरू लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तिथले रस्ते सायकलींचे झाले. तिथेही कोणी ते आपण होऊन दिले नाही.

पण परदेशी नकाशा उचलून तळोज्यावर डकवा, असे आम्ही म्हणत नाही. तळोज्याचा प्रश्न वेगळा आहे. चाळीस टनी ट्रेलर सावकाश आला तरी माणूस वाचत नाही. इथे वेग कमी करणे पुरेसे नाही, माणूस आणि ट्रेलर वेगळे केले पाहिजेत. ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस त्या चाकांखाली येतो, आणि चालकाला तो आरशात दिसतही नाही. औद्योगिक वसाहतीत ट्रेलर सहज वळावा म्हणून कोपरे मोठे गोल करतात. त्यामुळे ट्रेलर वेगात वळतो आणि पायी माणसाला ओलांडायचे अंतर दुप्पट होते. यावर उपाय आहे. ओलांडण्याची जागा कोपऱ्यापासून मागे घ्यायची, मध्ये दुभाजकात थांबायला उंच ओटा द्यायचा म्हणजे एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतील, कोपऱ्यावर भक्कम खांब रोवायचे, ओलांडण्याचा पट्टाच रस्त्यापेक्षा थोडा उंच करायचा आणि त्यावर दिवा. हे काही चंद्रावर जाण्याचे शास्त्र नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, त्याची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी, हे छापून ठेवले आहे. म्हणजे कडेने चालणाऱ्याला जागा द्या, हे सरकारच्या पुस्तकात आहे. फक्त तळोज्यात नाही.

पादचारी पूल बांधून देतो, असे कोणी म्हटले तर आपल्या कार्यकर्त्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. बारा तास उभे राहून सुटलेल्या बाईला पन्नास पायऱ्या चढायला आणि पन्नास उतरायला सांगायचे, आणि ती खालून गेली की तिलाच बेशिस्त म्हणायचे! असा पूल बांधला जातो तो खालच्या गाडीला ब्रेक लावावा लागू नये म्हणून. जिथे महामार्ग खरोखरच ओलांडता येत नाही तिथे पूल हवा, पण तो उताराचा हवा आणि लोकांच्या वाटेवर हवा. जाहिरातीचा फलक कुठून चांगला दिसतो त्यावर त्याची जागा ठरू नये.

तळोज्याला मेट्रो आली आहे. १ मे २०११ रोजी भूमिपूजन झालेली बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावू लागली, ११ स्थानके झाली. चांगली गोष्ट आहे. पण स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की मेट्रो संपते आणि पुढचा प्रवास पायांनी करायचा असतो. मेट्रोच्या खांबाला जितका विचार मिळाला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका विचार त्या शेवटच्या वाटेला मिळाला असता, तर आम्हाला हा लेख लिहावा लागला नसता. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडत आहेत. या भागातली वाहने आता वाढणार, कमी होणार नाहीत.

आता एक धोका. आम्ही फूटपाथ मागतो म्हटल्यावर प्रशासन पहिले काय करील, हे आम्हाला ठाऊक आहे. फूटपाथ मोकळे करण्याच्या नावाखाली ते उकडलेली अंडी विकणाऱ्या बाईची हातगाडी उचलून नेईल. ट्रेलर जागचा हलणार नाही! १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की विक्रेत्यांची पाहणी आणि त्यांच्या प्रतिनिधींसह समिती असल्याशिवाय त्यांना हटवता येत नाही. कारखान्याच्या फाटकापाशी चहाची टपरी असते म्हणून रात्री तिथे उजेड असतो, चार माणसे असतात, पाळीवरून सुटलेल्या बाईला आधार वाटतो. रस्त्याची नवी रचना करायची तर त्या टपरीला जागा देऊन करायची. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे रूप पालटले, रुंद पदपथ झाले, बसायला बाक आले. त्याला आमचा आक्षेप नाही. पण शहर सुंदर करण्याची सुरुवात नेहमी सुंदर भागापासूनच का होते, एवढा प्रश्न विचारायची परवानगी असावी.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो आपण वापरत नाही, ही आमची खरी तक्रार. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वापरण्याजोगा फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना पादचाऱ्यांसाठी आणि रस्त्यांच्या रचनेसाठी सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. त्याच ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू झाला तर संबंधित अधिकारी किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. एका जिवाला १ लाख ही किंमत थट्टेचीच आहे. पण तळोज्यात हे कलम लावा, अशी मागणी आपल्यापैकी कोणी केली आहे काय?

आणि या सगळ्यांच्या आधीपासून एक कलम आहे. घटनेच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग आपण विहिरी, तलाव आणि उपाहारगृहांसाठी पाठ केला आहे. त्यात आणखी एक शब्द आहे, रस्ते. शासनाच्या पैशाने राखलेल्या रस्त्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणावर बंधन येता कामा नये. हा शब्द उगाच आलेला नाही. १८९३ साली केरळात अय्यंकाळींनी बैलगाडीतून बंदी असलेल्या रस्त्यावरून प्रवास केला. १९२४ साली वायकोमला देवळाच्या भोवतालच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह झाला. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, ते महाड आणि हे तळोजा एकाच रायगड जिल्ह्यात आहेत. त्या वेळी पाटी लावून अडवत. आज कोणी पाटी लावत नाही. रस्ताच असा करतात की गाडी नसलेल्याला तो वापरता येऊ नये. पाणी सर्वांना खुले आहे, पण तळ्याला पायरी नाही, असाच हा प्रकार. न्यायालयात हा युक्तिवाद टिकेल की नाही हे वकिलांनी सांगावे. आम्हाला तो करून पाहण्याजोगा वाटतो.

मागायचे कोणाकडे, हा तळोज्यातला नेहमीचा घोळ. एक रस्ता एमआयडीसीचा, दुसरा सिडकोचा, तिसरा महापालिकेचा, चौथा महामार्गाचा. मरणारा मात्र एकाच पायाने चौघांच्या हद्दी ओलांडतो. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली. २०२२ च्या जुलैत मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत तिथेच राहिला. आता लोकांनी निवडून दिलेली माणसे आहेत, त्यांना विचारता येईल. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. चारही मालकांना एका टेबलावर बसवण्याचे ते ठिकाण आहे.

आम्ही स्वतःलाही सोडत नाही. १४ एप्रिलला रस्ता आपला असतो. मिरवणूक निघते, वाहतूक वळवली जाते, पोलीस आपल्यासाठी दोर धरतात. कमानी, बॅनर, डीजे यांवर आपण किती खर्च करतो ते आम्ही इथे लिहीत नाही, प्रत्येक मंडळाला ते ठाऊक आहे. १५ एप्रिलला सकाळी तोच कार्यकर्ता डबा घेऊन ट्रेलरच्या रांगेतून चालू लागतो. एका वर्षी एका मंडळाने डीजेऐवजी आपल्या वस्तीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला तर? कुठे फूटपाथ तुटतो, कुठे दिवा नाही, कुठे ट्रेलर उभे राहतात, गेल्या पाच वर्षांत कोण कुठे पडले. शाळेत जाणारी पोरेसुद्धा हे काम दोन रविवारांत करतील. बाबासाहेबांनी मोरीचे वर्णन केले ते याच पद्धतीने केले. अंतर किती, वळण कसे, कठडा आहे की नाही.

तोवर ज्यांच्या घरी हे दुःख आले आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. उडवून गेलेले वाहन सापडले नाही तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर या योजनेची लेखी माहिती पोलिसांनीच कुटुंबाला द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. आणि कामावर जाता-येता झालेला अपघात हा कामावरचाच अपघात मानण्याची तरतूद २०१० साली कामगार राज्य विमा कायद्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कंत्राटदार सांगेल की फाटकाबाहेर मेला तो आमचा नाही. त्याचे ऐकू नये. विम्याचा क्रमांक, हजेरीपत्रकाची नक्कल आणि पाळी सुटल्याची वेळ, एवढे तीन कागद आधी हातात घ्यावेत, आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यात उभा ट्रेलर आणि बंद दिवा लिहिला आहे की नाही ते वाचून पाहावे.